मुलांच्या गॉगलमध्ये पाणी शिरतंय? पट्टा आवळण्याआधी हे तपासा

पोरगं तलावाची एक रुंदी मारतं, काठाला धरून उभं राहतं, गॉगल वर करून पाणी ओततं आणि पुन्हा चढवतं. पुढच्या रुंदीला पुन्हा तेच. मग काठावर बसलेले आई किंवा बाबा त्याला हाक मारतात आणि पट्टा आणखी एक घर आवळतात. उन्हाळी बॅचमध्ये हे रोज चालतं, आणि पट्टा आवळून पाणी थांबल्याचं क्वचितच दिसतं.

कारण पाणी अडवणं हे पट्ट्याचं काम नाही. ते डोळ्याभोवतीच्या मऊ कडेचं, म्हणजे सीलचं काम आहे. गॉगल जागेवरून सरकू नये एवढंच पट्ट्याने बघायचं. जास्त ओढला की दोन्ही काचा बाहेरच्या टोकांनी मागे खेचल्या जातात, त्यांना नाकावरून जोडणारा मधला ब्रिज वाकतो आणि नाकाजवळची कड चेहऱ्यापासून उचलली जाते. शिवाय सीलची पातळ कड दाबाने बाहेर दुमडते आणि गालाच्या कातडीला तिच्याखाली चुणी पडते. त्या चुणीतून पाणी आरामात आत येतं. म्हणून घट्ट केलेला गॉगल कधी कधी सैल गॉगलपेक्षा जास्त गळतो, आणि वर मुलाच्या कपाळात कळ येते ती वेगळीच.

आधी बघा, ते खरंच पाणी आहे का

मुलं दोन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दात सांगतात. काचेला आतून वाफ धरली तरी “पाणी आलं”, आणि खरंच पाणी शिरलं तरी “पाणी आलं”. गॉगल काढल्याबरोबर हातात घेऊन बघा. काचेवर बारीक थेंबांचा धुरकट थर आहे आणि तळाच्या कडेला पाणी साचलेलं नाही, तर ती वाफ. तिचा उपाय वेगळा आहे, खाली येईल. कडेला पाणी हलताना दिसलं तर गळती.

गळती असेल तर पुढचा पुरावा मुलाच्या चेहऱ्यावरच असतो. गॉगल काढल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत त्याला उजेडात उभं करा आणि डोळ्याभोवतीचं वळं नीट बघा. चांगल्या बसलेल्या गॉगलचं वळं फिकट गुलाबी असतं, सगळीकडे सारखं असतं आणि थोड्या वेळात जातं. गळणाऱ्या गॉगलचं वळं सारखं नसतं. जिथे ते पुसट आहे किंवा तुटलंय, तिथून पाणी येतंय. जिथे गडद लाल आहे, तिथे नको तेवढा दाब पडतोय. बहुतेक वेळा गडद भाग आणि पुसट भाग समोरासमोर असतात आणि त्यावरून कारण कळतं.

नाकाच्या बाजूला पुसट आणि कानशिलाकडे गडद: ब्रिज मुलाच्या नाकाला रुंद पडतोय. मुलांच्या गळतीत हे कारण सर्रास सापडतं.

नाकाच्या हाडावर दोन लाल डाग आणि बाहेरच्या कोपऱ्यात वळंच नाही: ब्रिज अरुंद आहे, किंवा गॉगल मोठ्या माणसाचा आहे आणि त्याची बाहेरची कड डोळ्याच्या खोबणीपलीकडे, कानशिलाच्या खळग्यावर पडतेय. आरशासमोर उभं करून बघितलं की या दोन्हींतलं कोणतं ते लगेच समजतं.

भुवईखाली पुसट आणि गालावर गडद: पट्टा मागे मानेकडे उतरलाय आणि गॉगलला खाली ओढतोय. याच्या उलट, गालाकडे पुसट असेल तर पट्टा फार वर, शेंडीच्या जागी चढलाय.

फक्त एकाच डोळ्यात पाणी: पट्ट्याच्या दोन बाजू असमान आहेत, त्या बाजूच्या सीलला खाच पडली आहे, किंवा तिथे केस अडकतोय. चेहऱ्याच्या दोन बाजू कुणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे ताठ सीलचा गॉगल एका डोळ्याला बसतो आणि दुसऱ्याला बसत नाही असंही होतं.

आणि वळं सगळीकडे सारखंच गडद असूनही पाणी येत असेल, तर आकार बहुधा ठीक आहे. तेल, केस किंवा टोपी यांत शोधा.

पट्ट्याशिवाय चिकटतो का?

हा प्रयोग दुकानात करता आला तर पैसे वाचतात. चेहरा आणि सील दोन्ही कोरडे हवेत. मुलाचे केस मागे घ्या आणि पट्टा पुढे लोंबू द्या, डोक्यामागे घेऊ नका. मुलाला समोर बघायला सांगा, डोळे उघडे, चेहरा सैल. दोन्ही काचा हलक्या हाताने डोळ्यांवर टेकवा, सेकंदभर दाबा आणि हात सोडा. गॉगल निदान दोन-तीन सेकंद आपला आपण चिकटून राहिला पाहिजे. हात काढताक्षणी पडला तर तो आकार त्या चेहऱ्याचा नाही. एक काच चिकटली आणि दुसरी सुटली, तरी तेच समजा.

दुकानात मुलं हमखास डोळे गच्च मिटतात आणि नाक आक्रसतात. अशा चेहऱ्यावर कोणताच गॉगल चिकटणार नाही. दोन-तीनदा करून बघा. चिकटला की मुलाला हसवा, मग गाल फुगवून तोंडाने फूऽ करायला सांगा, कारण पाण्यात तो हेच करणार आहे. हसल्याबरोबर गॉगल सुटला तर सील फार मोठं आहे आणि ते खोबणीच्या हाडावर न बसता गालाच्या फुगीर भागावर बसलंय. पाण्यात प्रत्येक श्वासाला ते उचललं जाईल.

एक अपवाद. अगदी लहान मुलांचे मास्कसारखे रुंद गॉगल जड असतात, ते स्वतःच्या वजनाने लवकर सुटतात. त्यांच्या बाबतीत सेकंदभर टिकलं तरी पुरे, पण कडेवरून बोट फिरवून ती सगळीकडे टेकली आहे ना ते बघा.

ऑनलाइन मागवला असेल तर टॅग काढायच्या आत, कोरड्या चेहऱ्यावर हाच प्रयोग करा. परत पाठवायची मुदत आणि अटी मागवण्याआधीच वाचा. पाण्याला लागलेला गॉगल परत घ्यायला विक्रेते कुरकुर करतात, आणि त्यांचंही चूक नाही.

घरी पाण्यात बघायचं तर एका पसरट टबात किंवा घमेल्यात वीतभर पाणी घ्या. मुलाने चेहरा बुडवून दहापर्यंत आकडे मनात मोजायचे. मोठ्या माणसाने शेजारी थांबायचं आणि झालं की पाणी ओतून द्यायचं. लहान भावंड घरात असेल तर भरलेला टब तसाच ठेवू नये. इथे कोरडा राहणारा गॉगल तलावात गळला, तर दोष गॉगलचा नाही. भिंतीला पाय मारून निघताना किंवा उडी मारताना मान वर राहते आणि पाण्याचा मार सरळ काचेच्या वरच्या कडेवर बसतो, हे त्याचं नेहमीचं कारण. हनुवटी आत, नजर तळाकडे, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये. ते सरांनाच दुरुस्त करू द्या.

ब्रिज बदलायचा कसा

ब्रिज तीन तऱ्हेचे मिळतात. पहिला एकसंध: काच, सील आणि ब्रिज सलग. लहान मुलांचे बरेच गॉगल असेच असतात. घालायला सोपे, पण नाकाला बसले नाहीत तर काहीच करता येत नाही, दुसरा घ्यावा लागतो. दुसरा सुट्ट्या ब्रिजचा: पाकिटात लहान, मध्यम, मोठा असे आणखी तुकडे येतात. तिसरा पट्टीसारखा, दात ओढून कमी-जास्त करायचा.

ज्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारचा आहे त्यांनी ते जास्तीचे तुकडे बहुधा पाकिटाबरोबर टाकून दिलेले असतात. गॉगल आणला की आधी ते तुकडे एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॉगलच्या डबीतच ठेवा. मूल वाढतं तसा ब्रिज बदलावा लागतो, गॉगल नव्हे.

बदलताना काच वाकवू नका. एका हाताने एका काचेची चौकट धरा, ब्रिजचं टोक अंगठ्याने थोडं दाबून तिरकं करा म्हणजे ते खाचेतून निघतं. नवा तुकडा टक् आवाज येईपर्यंत बसवा आणि दोन्ही बाजूंनी ओढून बघा. अर्धवट बसलेला ब्रिज पाण्यात सुटतो आणि दोन काचा दोन दिशांना जातात. सुरुवात सगळ्यात लहान तुकड्यापासून करा. नाकाच्या हाडाला टोचत असेल, किंवा काचेची आतली कड डोळ्याच्या कोपऱ्यावर येत असेल, तर एक माप वाढवा. दोन मापं बसतात असं वाटलं तर ज्याने पट्ट्याशिवायचा प्रयोग जास्त वेळ टिकतो ते ठेवा.

ब्रिज नाकावर टेकलेला नसतो, नाकावरून जातो. चष्म्याची सवय असलेली मुलं गॉगल चष्म्यासारखा नाकावर टेकवायला बघतात. गॉगलचा भार खोबणीच्या हाडावर यायला हवा.

पट्टा: किती आणि कुठे

पट्टा पूर्ण सैल करून सुरुवात करा. आधी काचा डोळ्यांवर टेकवा आणि हलक्या दाबाने चिकटवा. मग मुलाने एका हाताने काचा धरून ठेवायच्या आणि तुम्ही पट्टा डोक्यामागे न्यायचा. उलटं, म्हणजे आधी पट्टा डोक्यात अडकवून मग काचा खाली ओढल्या, तर सीलखाली हटकून केस जातात.

डोक्यामागे हात फिरवला की एक उंचवटा लागतो. पट्टा त्या उंचवट्याच्या जरा वर हवा, कानांना न चिकटता त्यांच्या वरून गेलेला. दुहेरी पट्टा असेल तर दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवू नका. एक उंचवट्याच्या वर, दुसरी त्याच्या खाली, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. असं केलं की ओढ वर आणि खाली वाटली जाते आणि कमी ताणात गॉगल जागेवर राहतो. लांब केसांच्या मुलींचा अंबाडा किंवा पोनी या दोन पट्ट्यांच्या मध्ये आला तर पट्टा सरकत नाही. उंच पोनीवरून पट्टा गेला की मात्र तो वर-वर चढत जातो.

आता दोन्ही बाजूंनी एक-एक घर घट्ट करा. एका बाजूने दोन आणि दुसरीकडे शून्य असं नको. पट्ट्याखाली तुमचं एक बोट सहज सरकलं पाहिजे. मुलाने मान हलवली, उड्या मारल्या तरी गॉगल हलत नसेल तर थांबा, त्यापुढे आवळू नका. भुवईच्या वर हाडातून मज्जातंतू बाहेर येतात आणि घट्ट गॉगलची कड नेमकी त्यांच्यावर दाबते. पोहून आल्यावर मूल कपाळ दुखतं म्हणत असेल आणि गॉगल सैल केल्यावर ते थांबत असेल, तर दुसरं कारण शोधत बसू नका.

टोपी आधी, गॉगल नंतर. टोपीची कड भुवईच्या वर राहिली पाहिजे. मुलांच्या टोप्या सैल असल्या की पोहताना पुढे येतात आणि सीलच्या वरच्या कडेखाली घुसतात. बाहेरून बघणाऱ्याला गॉगल छान बसलेला दिसतो आणि पाणी मात्र वरून झिरपत राहतं.

खोबरेल, सनस्क्रीन, काजळ

टँकवर जाण्याआधी मुलाच्या डोक्याला खोबरेल चोपडायची आपल्याकडे पद्धत आहे. क्लोरीनच्या पाण्याने केस राठ होऊ नयेत हा हेतू चांगला, पण तेल कपाळावर ओघळतं आणि सील घसरायला लागतं. शिवाय तेलाचं बोट काचेच्या आत लागलं की वाफ न धरण्याचा थर खराब होतो. बऱ्याच तलावांवर तेल लावून उतरायला मनाईही असते. लावायचंच तर अगदी थोडं, केसांच्या टोकांना, वर टोपी, आणि चेहरा साबणाने धुऊन मगच गॉगल.

सनस्क्रीनचंही तसंच. उघड्या तलावात ते हवंच, पण डोळ्याभोवती बोटभर जागा सोडून लावा आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. काजळ पुसून टाका. पुढे आलेल्या बटा टोपीत घाला. सीलखाली एक केस आला तरी त्याच्या कडेने पाणी आत ओढलं जातं, आणि बाहेरून तो केस दिसत नाही.

वाफ

मुलाचा चेहरा तापलेला असतो, गॉगलच्या आतली हवा दमट असते आणि काच बाहेरून पाण्याने गार. आतली वाफ काचेवर बारीक थेंबांनी जमते. नव्या गॉगलला आतून एक थर दिलेला असतो, तो पाण्याला थेंब होऊ देत नाही, पातळ सपाट पसरवतो, म्हणून आरपार दिसतं. हा थर नाजूक असतो. बोटाने पुसून, टॉवेलने घासून तो पहिल्या महिन्यातच संपवला जातो. मुलांना एकच नियम शिकवा: काचेला आतून बोट लावायचं नाही. धुरकट झाली तर थोडं पाणी आत घ्यायचं, खळखळवायचं, ओतायचं.

गॉगल घालून काठावर दहा मिनिटं बसणं हेही वाफेचं कारण. पाण्यात उतरताना, चेहरा ओला करून, मग गॉगल चढवायचा. कपाळावर सरकवून ठेवला तर कपाळाच्या घामाने आतून दमट होतो. त्यापेक्षा गळ्यात बरा.

थर गेलाच असेल तर अँटीफॉगचा फवारा मिळतो. आतून एक फवारा, अर्धा मिनिट थांबायचं, स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढायचं. लहान बाळांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात पातळ करून काचेला आतून लावला आणि नीट धुऊन टाकला तरी दोन-चार दिवस काम भागतं. नीट धुतला नाही तर डोळे चुरचुरतात, त्यामुळे धुण्यात आळस नको. टूथपेस्टने घासायचा सल्ला फिरत असतो. तो ऐकू नका. पॉलिकार्बोनेटच्या काचेवर तिचे चरे पडतात आणि उरलासुरला थर जातो.

डोळ्यांच्या पापण्या लांब असतील तर त्या काचेला घासतात, मूल सारखं डोळे मिचकावतं आणि काच लवकर धुरकट होते. अशा मुलाला थोडी खोल वाटी असलेला गॉगल घ्या.

महिनाभर चांगला होता, आता गळतो

सील अंगठ्याने दाबून सोडा. लगेच पूर्ववत झालं तर ते जिवंत आहे. दाबलेली खाच तशीच राहिली तर बॅगेत डबा, बाटली यांच्याखाली चेपलं गेलंय. कोमट पाण्यात, हाताला सुखद वाटेल इतक्याच गरम, पाच-दहा मिनिटं ठेवा आणि सावलीत मोकळं वाळू द्या. सिलिकॉनचं सील बहुतेक वेळा सावरतं. रस्त्यावरच्या स्वस्त गॉगलचं पीव्हीसीचं सील एकदा कडक झालं की झालं. त्याला कोमट पाणीही मऊ करत नाही. उकळतं पाणी कोणत्याच गॉगलला नको.

रोजची निगा दोन मिनिटांची आहे. तलावातून आलं की साध्या नळाच्या पाण्याखाली धरा, कारण क्लोरीन वाळून राहिलं की सील आणि पट्टा दोन्ही खातं. झटका, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवा, आणि कडक डबीत ठेवा. डबीला भोकं हवीत. ओला गॉगल बंद डबीत राहिला तर सीलच्या खाचेत काळे ठिपके येतात. ती बुरशी, आणि पावसाळ्यात ती दोन-तीन दिवसांत येते. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने काढा, तेही फक्त सीलवरून. खाचेच्या आत शिरलेली निघत नसेल तर गॉगल बदला. बंद कारमध्ये उन्हात गॉगल ठेवू नये, पट्टा चिकट होतो.

पट्टा ताणून उजेडात धरला आणि बारीक भेगा दिसल्या तर तो पोहताना कधीही तुटेल. पट्टा वेगळा मिळतो, पूर्ण गॉगल टाकायची गरज नाही.

नवा घेताना

पाकिटावर ३ ते ६, ६ ते १४ असे वयोगट असतात. ते फक्त अंदाजाला. सात वर्षांच्या रुंद चेहऱ्याच्या मुलाला ज्युनियरमधला मोठा लागतो आणि दहा वर्षांच्या निमुळत्या चेहऱ्याच्या मुलीला लहानच बसतो. “पुढच्या वर्षी पण होईल” म्हणून एक माप मोठा घेणं हा बूट-कपड्यांचा हिशेब इथे चालत नाही.

शिकणाऱ्या मुलाला रुंद, मऊ सिलिकॉनचं सील आणि जरा मोठी काच बरी. स्पर्धेचे छोटे, खोबणीत बसणारे गॉगल वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर, सर सांगतील तेव्हा. सील नसलेले, नुसत्या कडक प्लॅस्टिकच्या वाट्यांचे स्वीडिश प्रकारचे गॉगल मुलांना नकोत. नाक झाकणारा डायव्हिंगचा मास्क शिकवणीच्या बॅचला चालत नाही, कारण पाण्यात नाकाने बुडबुडे सोडणं हा पहिला धडा असतो आणि मास्कमध्ये तो होत नाही.

काचेचा रंग बॅचच्या वेळेवरून ठरवा. दादरचा महात्मा गांधी तलाव असो की पुण्याचा टिळक तलाव, उघड्या तलावात दुपारी चार-पाचच्या उन्हाला निळी, करडी किंवा आरशासारखी काच चांगली. पहाटे सहाच्या बॅचला किंवा छताखालच्या तलावात पारदर्शकच. गडद काचेतून मुलाला भिंत आणि शेजारचा पोहणारा उशिरा दिसतो. यूव्हीपासून संरक्षण गडद रंगामुळे मिळत नाही, ते पाकिटावर वेगळं लिहिलेलं असावं लागतं. पृष्ठभागावर पोहण्याच्या गॉगलसाठी आयएसओ १८५२७-३ हे मानक आहे. पाकिटावर त्याचा उल्लेख असेल तर चांगलंच.

चष्मा असलेल्या मुलांसाठी नंबरचे गॉगल तयार मिळतात, साधारण उणे दीडपासून पुढे अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. काही कंपन्या डाव्या-उजव्या काचा वेगळ्या विकतात, म्हणजे दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले तरी जमतं. सिलिंड्रिकल नंबर तयार गॉगलमध्ये नसतो. त्याचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवून जवळचा कमी नंबर निवडतात. उदाहरणार्थ उणे २.५० आणि सिलिंडर उणे १.०० असेल तर उणे ३.००. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालून मात्र तलावात उतरवू नका, गॉगल कितीही चांगला असला तरी.

पाणी येत नाही, तरी डोळे लाल

तलावाच्या पाण्याने लाल होणाऱ्या डोळ्यांचं खापर नेहमी क्लोरीनवर फुटतं. डोळ्यांना चुरचुरवणारे क्लोरामाइन तयार होतात ते क्लोरीनमध्ये घाम, लघवी आणि अंगावरचा मळ मिसळून. म्हणून उतरण्याआधीची अंघोळ. मुलं गॉगल काढून हातांनी डोळे चोळतात, तेही एक कारण. पण गॉगलच्या कडेखालची कातडी लाल, खरखरीत होऊन खाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तशीच असेल, तर तो दाबाचा डाग नाही, सीलच्या रबराची अॅलर्जी असू शकते. निओप्रीन किंवा लॅटेक्स असलेला गॉगल बंद करून सिलिकॉनचा वापरून बघा. खाज थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, चिकट पाणी येत असेल तर बॅच बंद आणि लगेच डॉक्टर.

गॉगल काढून ठेवायची वेळ

विहिरीत मुटका किंवा सूर मारताना गॉगल नको. उंचावरून पाण्यावर आपटताना तो एक तर उडतो, नाही तर काच डोळ्यात दाबली जाते. तळाशी टाकलेलं नाणं काढायच्या खेळालाही नको. पाण्याखाली दर मीटरला दाब साधारण वातावरणाच्या एक दशांशाने वाढतो. कडक काचेच्या आतली हवा त्या प्रमाणात आकसू शकत नाही, त्यामुळे डोळा आणि पापण्या बाहेर ओढल्या जातात. दोन-तीन मीटरला मूल डोळा ओढल्यासारखं होतंय म्हणतं, आणि कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं दिसतं. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असतं ते याचसाठी, नाकाने हवा सोडून दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये ती सोय नाही.

काढताना काच धरून पुढे ओढू नये. ताणलेला पट्टा निसटला की काचेची कड वेगाने डोळ्यावर येते, आणि अशाने मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या आहेत. आधी डोक्यामागे अंगठा घालून पट्टा वर उचलायचा, पुढे आणायचा, मग काचा आपोआप सुटतात. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा गॉगल ओढून सोडायची मस्करी बॅचमध्ये कुणी करत असेल तर सरांच्या कानावर घाला.

इतकं सगळं करूनही एखाद्या दिवशी चार थेंब शिरतात. तेवढ्यासाठी मध्येच थांबायची सवय लागली तर पोहणं सुधारत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सचा गॉगल पाण्याने भरला होता. त्याने हातांचे फटके मोजत भिंत गाठली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मुलाला विक्रम करायचा नाही, पण थेंबभर पाणी आलं तरी रुंदी पुरी करायची आणि भिंतीला धरूनच ते ओतायचं, हे त्याला येऊ दे. आठवड्यातून एकदा, उथळ भागात, सरांच्या नजरेखाली एखादी रुंदी गॉगलशिवायही मारू दे, म्हणजे पट्टा तुटला त्या दिवशी तो घाबरणार नाही. आणि बॅगेत एक जास्तीचा पट्टा असू दे.